चॅलिसला मराठीत काय म्हणायचं?

मोखाड्याचा जिल्हा पालघर असला, तरी मोठा बाजार करायचा तर माणसाचे पाय त्र्यंबकवरून नाशिककडेच वळतात. तिथे गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे आणि त्याच्या तटावर एक भलीमोठी घंटा. देऊळ १७४७ मधलं; घंटेवर साल आहे १७२१. ही घंटा पोर्तुगिजांची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशीच एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे आणि साल १७०७.

घंटेला धर्म बदलताना नाव बदलावं लागलं नाही. चर्चमध्ये घंटा होती, शंकराच्या देवळात घंटाच राहिली. कॅथलिक उपासनेतल्या बाकीच्या वस्तूंचं मात्र एवढं सरळ झालं नाही. वेदीवरचा पेला, त्याच्यावरची तबकडी, घडी घातलेलं पांढरं कापड, साखळ्यांना टांगलेलं धुपाचं भांडं, सूर्यासारखे आरे फुटलेलं सोनेरी पात्र या सगळ्यांना मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न चारशे वर्षं रेंगाळतो आहे. वसई धर्मप्रांताला तो टाळता येत नाही. २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा झालेला हा धर्मप्रांत वसईच्या किनाऱ्यापासून थेट जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरला आहे. एका टोकाला पोर्तुगीज काळापासून मिस्सा ऐकणारी सामवेदी आणि वाडवळ घरं. दुसऱ्या टोकाला वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी यांचे पाडे, जिथे कॅथलिक मंडळी थोडी आणि त्यांचा चर्चशी संबंधही तुलनेने नवा. शब्द दोन्हीकडे एकच चालवायचा, तर तो कुणाचा?

आधी समुद्रावरून आलेले शब्द. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर क्रूस, मिस्सा, पाद्री, नाताळ, साक्रामेंत हे शब्द उतरले. यातले काही इतके मुरले की आज ते परके वाटत नाहीत. ‘नाताळची सुट्टी’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला आपण पोर्तुगीज बोलतोय याचा पत्ताही नसतो. ‘पाद्री’ मात्र घसरला. चर्चमध्ये त्याच्या जागी ‘फादर’ बसला आणि पाद्री बाहेरच्यांच्या, थोड्या खोचक बोलण्यात उरला. ‘क्रूस’ तसाच पक्का राहिला, आणि राहायलाच हवा होता. त्याला ‘वधस्तंभ’ असा पर्याय आहे, पण वधस्तंभ म्हटलं की नुसता खांब डोळ्यांपुढे येतो, आडवं लाकूड येत नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावरच मारले गेले; त्यांची गोष्ट सांगताना कुणी खांबाचं नाव घेत नाही.

पण पोर्तुगीज शब्द जसेच्या तसे घ्यावेत, हा तेव्हाही एकमेव मार्ग नव्हता. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये राशोलला जे ‘क्रिस्तपुराण’ छापलं, त्याच्या नावातच पुराण आहे. दहा हजारांहून जास्त ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी बिनधास्त ‘वैकुंठ’ येतं. ऐकणाऱ्याच्या घरात जो शब्द आहे तो उचलायचा, ही त्याची रीत. माझ्या मते मराठी ख्रिस्ती भाषेला इतका धीट कारागीर त्यानंतर फार उशिरा भेटला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची जात तीच, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही त्यातल्या मराठीमुळेच, असं मी धरून चालतो.

मधली साडेतीनशे वर्षं वेदीवरची भाषा लॅटिन होती. वस्तूंची नावं फादर आणि साक्रिस्टी, म्हणजे उपासनेच्या वस्तूंची खोली, सांभाळणारा माणूस यांच्यापुरती; लोकांनी ती नुसती लांबून पाहायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडलं. मग मराठीत शब्द घडवण्याची धांदल उडाली. धर्मग्राम, धर्मप्रांत, धर्मभगिनी, गुरुदीक्षा, दृढीकरण असे बरेच शब्द आज वसईत सहज चालतात. ‘झावळ्यांचा रविवार’ आणि ‘राखेचा बुधवार’ तर झकासच आहेत: आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून पुढच्या वर्षीची राख करतात, आणि दोन्ही शब्द ती गोष्ट हातात आणून देतात. व्यक्ती, संस्था, सण यांची सोय झाली. भांड्याकुंड्यांकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

साक्रिस्टीतलं कपाट उघडून बघा. चॅलिस म्हणजे उभ्या दांड्याचा पेला. लॅटिन ‘कॅलिक्स’चा अर्थही पेलाच. पॅटेन म्हणजे उथळ तबकडी. झाकण असलेला मोठा पेला, ज्यात पवित्र भाकरी ठेवतात, तो सिबोरियम. ज्या पेटीत तो कुलूप लावून ठेवतात ती टॅबरनॅकल, आणि तिच्याजवळ कायम तेवणारा दिवा. या दिव्याला मराठीने आधीच शब्द तयार ठेवला होता: नंदादीप. पेटीला ‘निवासमंडप’ हा जुन्या करारातला शब्द लावता येतो, पण दोन वीत उंचीच्या पेटीला मंडप म्हणायला जीभ अडखळते. आऱ्यांचं सोनेरी पात्र म्हणजे मॉन्स्ट्रन्स. लॅटिनमधल्या ‘दाखवणे’ या क्रियापदावरून आलेलं, कारण त्याच्या मधल्या काचेत पवित्र भाकर लोकांना दिसावी म्हणून ठेवतात. धूपदाणीबरोबर एक छोटं भांडं असतं, होडीच्या आकाराचं. त्याचं लॅटिन नावही ‘छोटी होडी’. अर्नाळ्याच्या कोळ्याला हे सांगितलं तर तो खूश होईल; मोखाड्यात मात्र होडी समजावून सांगावी लागेल.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे कॉर्पोरल. वेदीवर पेल्याखाली अंथरायचं हे चौकोनी लिननचं कापड. त्याची घडी नऊ चौकोनांची आणि आतल्या बाजूला पडणारी असते, कारण पवित्र भाकरीचा कण सांडलाच तर तो कापडात राहावा. ते झटकत नाहीत. धुतानाही पहिलं पाणी गटारात जात नाही. साक्रिस्टीत त्यासाठी थेट मातीत उतरणारा वेगळा नळ असतो, नाही तर ते झाडाच्या बुंध्याशी ओततात. ज्या घरात निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत, त्या घराला हे एका वाक्यात कळतं. पण नवशिक्याला कॉर्पोरलबद्दल सांगताना निर्माल्याची आठवण करून दिल्याचं मी कुठल्याही मराठी पुस्तिकेत वाचलेलं नाही. तिथे ‘पवित्र वस्त्र’ असा मोघम शब्द येतो आणि सगळी कापडं एकाच गठ्ठ्यात जातात: पेला पुसायचं, पेल्यावर झाकायचं, फादरांनी हात पुसायचं.

आता भाकर. मराठी बायबलने ‘ब्रेड’ला पाव म्हटलं नाही, भाकर म्हटलं. पाव हा शब्द पोर्तुगिजांनीच दिलेला आणि वसईत घरोघरी चालणारा, तरी प्रभुभोजनाला तो घेतला नाही, हे मला नेहमी शहाणपणाचं वाटत आलं आहे. भाकर म्हणजे रोजचं पोट. पण मोखाड्यात भाकर म्हणजे नागलीची. इथल्या उतारावर नागली, वरई, भात पिकतं; गहू येतो तो रेशनच्या दुकानातून. आणि चर्चचा नियम असा की वेदीवरची भाकर फक्त गव्हाची, आणि लॅटिन परंपरेत बिनखमिराची असली पाहिजे. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ९२४ व्या कलमात गव्हाची अट स्पष्ट लिहिली आहे आणि रोमने २००४ मध्ये ती पुन्हा बजावली. नागलीची भाकर वेदीवर ठेवली तर मिस्सा ग्राह्य धरली जात नाही. म्हणजे ‘भाकर’ हा शब्द ऐकून डोंगरातल्या बाईच्या मनात जी काळसर, जाड, तव्यावरची गोष्ट उभी राहते, तिच्या जागी समोर येते दोन लोखंडी तव्यांत दाबून भाजलेली कागदासारखी पांढरी चकती. बहुतेक वेळा ती कुठल्यातरी मठात धर्मभगिनींनी केलेली असते. तरी शब्द बदलू नये. चकती म्हटलं तर वस्तू बरोबर कळते आणि जेवण हरवतं. फक्त ही तफावत लोकांना सांगून टाकावी, लपवू नये.

‘द्राक्षारस’ या शब्दाचं उलट झालं. तो सभ्य करण्याच्या नादात खोटा झाला. वेदीवरची गोष्ट रस नव्हे, आंबवलेलं द्राक्षमद्य असते. नुसता ताजा रस एरवी चालत नाही. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीसाठीच्या अशा मद्याची वेगळी सोय ठेवावी लागली ती यासाठीच. शहरी मराठी कानाला देवापुढे दारू म्हटलं की धक्का बसतो, म्हणून भाषांतरकारांनी रस काढला. वारली पाड्यावर हा संकोच नाही. तिथे देवाला दारूची धार पिढ्यान्‌पिढ्या चढत आली आहे. दारूने तिथली घरं धुऊन निघतात हेही तितकंच खरं, आणि म्हणूनच तिथे शब्द जपून वापरावा लागतो. ‘द्राक्षमद्य’ जड आहे, पण खरं आहे.

शब्दांना वाट काढून देणारी एक गोष्ट घडली होती, तिची आज आठवण कमी निघते. भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी बारा बदलांना मंजुरी दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावं, पादत्राणं काढावीत, जमिनीवर मांडी घालून बसायला हरकत नाही. वस्तू ओठांनी चुंबण्याऐवजी बोटांनी स्पर्शून डोळ्यांना किंवा कपाळाला लावावी. कॉर्पोरलऐवजी थाळी चालेल. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल. साखळ्यांच्या धूपदाणीऐवजी दांड्याचं साधं धूपपात्र चालेल. फादरांच्या गळ्यातल्या पट्ट्याचं, म्हणजे स्टोलचं, काम अंगवस्त्र करेल. फूल, धूप आणि दिव्याची आरती करता येईल. ज्या वस्तूंना मराठी नावं मिळत नव्हती, त्यांच्या जागी अशा वस्तू आल्या की ज्यांना नाव द्यायची गरजच उरली नाही. थाळीला थाळी म्हणतात.

किनाऱ्यावरच्या जुन्या चर्चमध्ये हे सगळं रुजलं नाही, आणि त्यात नवल नाही. ज्यांच्या खापरपणजोबांनी चांदीचा क्रूस मिरवला, त्यांना समई म्हणजे शेजारच्या घरातली वस्तू. डोंगराकडे गोष्ट वेगळी. जव्हार-मोखाड्यात देवाच्या वस्तू घरातल्याच असतात. वारली लग्नात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते. तिच्या नावातच घट आहे, भरून वाहणारा. भगत सुपातल्या दाण्यांत उत्तर शोधतो. बोहाड्याला मुखवटे चढतात आणि गावातलाच माणूस रात्रभर देव होतो. लग्न लावायला धवलेरी, म्हणजे बाई. कॅथलिक वेदीवर बाईला ती जागा नाही, ही बाब शब्दकोशाने सुटणारी नाही. पण सूप, घट, दिवा, थाळी ही नावं तिथे पवित्र होण्याची वाट बघत नव्हती; ती आधीपासूनच आहेत.

म्हणून माझं मत असं. जिथे वस्तूचा आकार आणि इतिहास वेगळाच आहे, तिथे आलेला शब्द राहू द्यावा: क्रूस, मिस्सा, चॅलिससुद्धा. जिथे मराठीत नेमका शब्द पडून आहे, तिथे तो उचलावा: नंदादीप, थाळी, धूपदाणी, जपमाळ. आणि संस्कृत डिक्शनरीतून काढलेले, फक्त छापील पुस्तिकेत जगणारे शब्द सोडून द्यावेत. ते वसईच्या आजीलाही कळत नाहीत आणि मोखाड्याच्या मुलालाही.

वसई धर्मप्रांतातल्या ज्या वाचकांच्या हाती साक्रिस्टीची किल्ली आहे, त्यांना एक विनंती. कपाटातल्या प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी लावा. तिच्यावर लॅटिन नाव लिहा, फादर कोणत्या नावाने मागतात ते लिहा, आणि सामवेदी, वाडवळी, वारली बोलणारी म्हातारी माणसं त्या वस्तूला काय म्हणतात तेही लिहा. त्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, चिठ्ठ्या नंतर छापल्या तरी चालतील.