पेढीवरील वेष आणि सातवे व्रत

कवठे येमाई हे शिरूर तालुक्यातील येमाई देवीचे गाव. देवीची ओटी भरावयाची तर खण आणि नारळ हवा, घरात लग्न निघाले तर शालू हवा. आणि या दोन्हींसाठी गावकऱ्याची पावले कापडाच्या दुकानाकडे वळतात. शिरूर-घोडनदीच्या या परिसरात ओसवाल जैन घराणी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आली. जुन्या काळचा व्यापारी गादीवर बसे तो पांढरे धोतर, सदरा आणि टोपी घालून. ज्याला खातेवहीतील अक्षर वाचता येत नसे, तो शेतकरी समोरच्या माणसाची राहणी वाचीत असे. कपड्यावर पत मिळत नाही हे खरे. पण मिळालेली पत सांभाळण्याची आठवण कपडा रोज सकाळी करून देतो.

या साधेपणामागे केवळ काटकसर नव्हती. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण भांडारात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरच्या वैभवात गुंतलेले होते. शिवाय दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे. अशा धनाढ्य गृहस्थाने भगवान महावीरांसमोर व्रते घेताना वस्त्रांची मर्यादा केली ती ‘क्षौमयुगल’ एवढीच. टीकाकार त्याचा अर्थ सुती वस्त्रांची एक जोडी असा करतात. त्याने व्यापार सोडला नाही, हाव सोडली.

व्यापारी कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. वस्त्रांची ही मर्यादा ज्या उपभोग-परिभोग परिमाण व्रतात येते, त्याच सातव्या व्रतात पंधरा कर्मादानेही येतात, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे धंदे. काय नेसावे आणि काय विकावे, हे दोन्ही प्रश्न शास्त्रकारांनी एकाच व्रतात घातले. त्यांची फारकत आपण केली.

जे नेसायचे तेच जगायचे, असा वेष अलीकडच्या काळात वागवला तो कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी तरुणपणी किर्लोस्कर आणि ओगले यांच्या मालाचे विक्रेते म्हणून काम केले. विक्रेत्याच्या पेशात टापटिपीला मोल असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि गांधीजींच्या प्रभावाने खादी स्वीकारली. सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवून जेवू घालणाऱ्या माणसाच्या अंगावर तीच शोभली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. दागिना हाही वेषाचाच भाग. तो उतरवणे हे त्या माउलीचे सर्वांत बोलके वस्त्र ठरले.

आज प्रश्न वेगळ्या रूपाने दारात उभा आहे. त्याच शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. दुकानदाराचा मुलगा किंवा सून आता गादीवर न बसता कारखान्यात वा पुण्याच्या कार्यालयात जाते. तेथे गणवेश असतो, चामड्याचे बूट असतात, पट्टा असतो. काही नियम केवळ शोभेचे असतात, काही जिवाच्या रक्षणाचे. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना अधिनियमाचे २२ वे कलम चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असे सांगत असे. तेथे सैल सदऱ्याचा आग्रह धरणे म्हणजे धर्म नव्हे. स्वतःचा जीव धोक्यात घालणे हीदेखील हिंसाच. परंतु संरक्षक बूट हवेत म्हणून ते चामड्याचेच हवेत असे नाही. कृत्रिम चामड्याचे बूटही मिळतात. ते आवश्यक मानकाचे आहेत याची खात्री करून, नोकरीवर रुजू होतानाच वरिष्ठांना नम्रपणे लेखी विनंती करावी. कारण सांगितले की बहुधा मान मिळतो. लपवले की संकोच वाढतो.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र कारखान्यातला नसून दुकानातलाच आहे. रेशमाचा धागा अखंड राहावा म्हणून कोश फोडून पतंग बाहेर येण्यापूर्वीच आतील जीव उष्णतेने मारला जातो. एका शालूमागे असे हजारो कोश असतात. अंगात सुती सदरा घालून, संध्याकाळी प्रतिक्रमण करणारा व्यापारी दिवसभर तोच शालू उलगडून दाखवतो. शिकून आलेली नात जर विचारील, “आजोबा, हे आपण घालत नाही, मग विकतो कसे?” तर काय उत्तर द्यावे?

लग्नसराईवर घर चालते, उधारीवर माल भरलेला असतो, आणि गिऱ्हाईक शालूच मागते. एका दिवसात फळी रिकामी करा, असे कोणत्याही संसारी माणसाला सांगणे सोपे नाही. पण परिमाण व्रत पायरीपायरीनेच पाळायचे असते. घरच्या पुढील विवाहात वधूसाठी उत्तम सुती वस्त्र निवडता येईल. दुकानात सुती मालाची फळी दर्शनी ठेवता येईल. गिऱ्हाइकाने विचारले तर रेशीम कसे होते हे खरे सांगता येईल. नव्या खरेदीत रेशमाचा वाटा दरवर्षी थोडा कमी करता येईल. निदान नातीच्या प्रश्नावर रागावू तरी नये. आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहूनच तो प्रश्न तिला सुचलेला असतो.