सोव्हिएत कॅमेऱ्यांवरील पाश्चात्त्य नांवें

पोथीच्या शेवटीं असलेलें नकलकाराचें नांव ग्रंथकाराचें समजल्यास केवढा घोटाळा होतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. सोव्हिएत संघांत बनून पाश्चात्त्य देशांत विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांपुढेंही असाच प्रश्न उभा राहतो. त्याचा उलगडा होण्यास त्या व्यापाराची रीत समजून घेणें अवश्य आहे.

सोव्हिएत कारखाने आपला माल परदेशीं परभारें विकीत नसत. कॅमेऱ्यांची निर्यात मॉस्को येथील 'माशप्रिबोरइंतोर्ग' या सरकारी संस्थेमार्फत होई. ब्रिटनमध्यें 'टेक्निकल अँड ऑप्टिकल इक्विपमेंट (लंडन)' ही कंपनी तो माल आणवीत असे. सरकारास परकीय चलन हवें होतें आणि तिकडील गिऱ्हाइकास स्वस्त कॅमेरा हवा होता. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथें इ. स. १९६५ पासून निघूं लागलेला 'झेनिट-ई' या व्यापारांत विशेष प्रसिद्धीस आला.

परंतु कित्येक मोठ्या दुकानदारांस कॅमेऱ्यावर आपलें स्वतःचें व्यापारी नांव हवें असे. त्यामुळें हाच झेनिट-ई पश्चिम जर्मनींत फोटो-क्वेले यांचेकडे 'रेव्ह्यूफ्लेक्स-ई' झाला, व ब्रिटनमध्यें डिक्सन्स यांचेकडे 'प्रिंझफ्लेक्स ५०० ई' झाला. लेनिनग्राडचा 'स्मेना-८' ब्रिटनमध्यें 'कॉस्मिक ३५' या नांवानें विकला गेला.

अशा वेळीं मूळ निर्माता ओळखण्यास पुढील खुणा उपयोगी पडतात. भिंगावर पुष्कळदा 'हेलिओस' किंवा 'इंडस्टार' हें मूळ नांव कायम असतें. कारखान्याचें चिन्ह असल्यास तें पहावें. क्रास्नोगोर्स्कचें चिन्ह म्हणजे लोलक व त्यांतून वळून जाणारा किरण. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आंकडे निर्मितीचें वर्ष सांगतात; ७५ नें आरंभ होणारा बहुधा १९७५ चा समजावा.

याच्या उलट प्रकारही आढळतो, व तेथें संग्राहकाचें द्रव्य बुडतें. खारकोव्ह येथें १९३४ पासून जर्मन 'लायका'च्या नमुन्यावर 'फेड' हा कॅमेरा बनूं लागला. पुढें क्रास्नोगोर्स्कचा 'झोर्की' त्याच वळणावर निघाला. या कॅमेऱ्यांवर मागाहून लायकाचें नांव, क्वचित् जर्मन सैन्याच्या खुणाही कोरून, ते अस्सल म्हणून पाश्चात्त्य बाजारांत विकले गेले आहेत. परीक्षा सोपी आहे. भिंग काढून आंत पहावें. अस्सल लायकांत अंतरमापकाच्या दांड्याच्या टोकाशीं लहानसें चाक असतें. फेड व झोर्की यांत तेथें पाचरीसारखा तुकडा असतो.

दुकानदाराचें नांव हा व्यापाराचा पुरावा होय, मागाहून कोरलेलें नांव हा लबाडीचा. दोन्ही जपण्याजोगेच आहेत. मात्र यादींत निर्माता, विक्रेता आणि वस्तूवरील नांव यांचे रकाने निरनिराळे ठेवावेत, म्हणजे पुढील अभ्यासकाची दिशाभूल होणार नाहीं.