डोक्याला मार लागला तर : उपचार, कागदपत्रं आणि भरपाईचा हक्क



डोक्याला मार लागणं आपल्या वस्त्यांना नवीन नाही. सेंट्रिंगच्या फळीवरून पाय घसरतो, लोकलच्या दारातून माणूस पडतो, दुचाकीला मागून टेम्पो ठोकतो. दवाखान्यात टाके घालतात, दोन दिवस ठेवून घेतात, घरी सोडतात. सगळे म्हणतात, "थोडक्यात वाचला." पण दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस कामावर टिकत नाही. सांगितलेलं विसरतो, हिशोब चुकतो, लहानशा गोष्टीवरून लेकरांवर हात उगारतो, दिवसभर झोपून राहतो. कुणी म्हणतं आळशी झाला, कुणी म्हणतं नशा करतो, तर कुणी बाहेरची बाधा सांगून देवऋषाचा पत्ता देतं.

हे ना आळस असतं, ना बाधा. ती मेंदूची इजा असू शकते. तिच्यावर उपचार आहेत, आणि इजा दुसऱ्याच्या चुकीने किंवा कामावर झाली असेल तर कायद्याने भरपाईही आहे. आधी रुग्णालयाच्या वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहिलं की बहुतेक घरं या दोन्हीपासून वंचित राहतात. कारण एकच, वेळेवर कुणी सांगत नाही.

मेंदूला काय होतं?

मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत कवटीवर आदळतो. जखम बाहेर दिसलीच पाहिजे असं नाही. कधी रक्तवाहिनी फुटून आत रक्त साठतं आणि मेंदूवर दाब येतो. कधी मेंदूतले बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. अशी इजा साध्या सी.टी. स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आलं" याचा अर्थ "काही झालं नाही" असा धरू नये.

इजा किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं पाहून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. हा आकडा केसपेपरवर 'जी.सी.एस.' म्हणून लिहिलेला असतो. तो लक्षात ठेवा, पुढे दाव्यातही कामाला येतो.

पहिले दोन दिवस

मार लागल्यावर माणूस नीट बोलतोय, चहा पितोय, आणि काही तासांनी अचानक बेशुद्ध पडतो, असंही होतं. आत रक्त साठायला वेळ लागतो म्हणून हे घडतं. पुढची एकही खूण दिसली तर १०८ ला फोन करा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या :

- पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी येणं, हाक मारूनही नीट जागं न होणं
- झटके येणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं
- एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं
- नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येणं
- असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. मान वाकडी होऊ न देता त्याला कुशीवर वळवा. मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. म्हाताऱ्या माणसांत आणि नियमित दारू पिणाऱ्यांत रक्त हळूहळू साठतं. न्हाणीघरात पडलेल्या आजीची चाल तीन आठवड्यांनी बिघडली, तर तेव्हाही डॉक्टरांना पडल्याचं सांगा.

अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. पोलिसांच्या भीतीने कुणाला रस्त्यावर सोडू नका. रस्ता अपघातात, योजनेतल्या रुग्णालयात पहिले ७ दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. इतर उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.

दाव्याची सुरुवात रुग्णालयातच होते

दाखल करताना "कसं लागलं?" असं विचारतात. तिथे खरं आणि पूर्ण सांगा. ठेकेदार म्हणतो, "घरी पडला असं सांगा, खर्च मी करतो." घाबरून तसं सांगितलं आणि केसपेपरवर "घरी पडून मार" अशी नोंद झाली, तर कामावरच्या अपघाताचा दावा तिथेच लंगडा होतो. पोलिसांकडे जाणारी एम.एल.सी. नोंद झाली आहे का, हे विचारा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या.

एका प्लास्टिकच्या पिशवीत हे सगळं ठेवा : एफ.आय.आर. आणि पंचनाम्याची प्रत, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची फिल्म आणि रिपोर्ट, औषधांची व रिक्षाभाड्याची बिलं, समोरच्या गाडीचा नंबर, कमाईचा पुरावा. नाक्यावरच्या कामगाराकडे पगारपत्रक नसतं. पण मुकादमाने मोबाइलवर पाठवलेले पैसे, हजेरी कार्ड, सोबतच्या कामगारांची साक्ष, हाही पुरावाच आहे.

आणखी एक वही ठेवा. घरच्या बाईने त्यात तारखेवार लिहावं : आज झटका आला, आज घरचा रस्ता विसरला, आज अंघोळ घालावी लागली. दोन वर्षांनी कोर्टात विचारतील तेव्हा हे सगळं तोंडपाठ राहत नाही.

कोणत्या दारी जायचं?

*रस्ता अपघात.* मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, कुठेही करता येतो. कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. ती उलटून गेली असली तरी स्वतःच आशा सोडू नका, वकिलाला विचारा. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, त्याचा पाठपुरावा करा. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळतात. पण मेंदूची मोठी इजा असेल तर या ठरावीक रकमेवर किंवा विमा कंपनीने देऊ केलेल्या तडजोडीवर घाईने सही करू नका. ती घेतली की पुढचा रस्ता बंद होतो. हेल्मेट नव्हतं म्हणून रक्कम कमी होऊ शकते, दावा संपत नाही. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करा. गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख मिळतात.

*कामावरचा अपघात.* यासाठी १९२३ पासून भरपाईचा कायदा आहे. नोव्हेंबर २०२५ पासून त्यातले हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठेकेदार पळाला तरी मूळ मालक जबाबदार राहतो. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाचा ठरलेला आकडा, असा हिशोब आहे. ३० वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. मजुरी १२ हजार असेल तर सुमारे १५ लाख रुपये होतात. ई.एस.आय. कार्ड असेल तर ही भरपाई त्या योजनेतून मिळते.

*रेल्वे.* चालत्या गाडीतून पडल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षात अर्ज करायचा. मुंबई आणि नागपूर इथे त्याची खंडपीठं आहेत. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला मात्र हे लागू नाही. प्रवासी असल्याचं दाखवावं लागतं, म्हणून तिकीट किंवा पास जपून ठेवा. तिकीट हरवलं तरी केवळ तेवढ्यावरून दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

*गटार आणि सेप्टिक टाकी.* विषारी वायूत प्राणवायू न मिळाल्यानेही मेंदू कायमचा निकामी होतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूला ३० लाख, कायमच्या अपंगत्वाला २० लाख आणि इतर अपंगत्वाला किमान १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आहे. ही कामं कुणाच्या वाट्याला येतात, हे आपल्याला सांगायला नको.

*जातीय मारहाण.* अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवा. नियमांप्रमाणे १०० टक्के अपंगत्वाला ८ लाख २५ हजार, ५० टक्क्यांहून जास्त असल्यास साडेचार लाख, ५० टक्क्यांहून कमी असल्यास अडीच लाख रुपये अर्थसाहाय्य आहे. अर्धी रक्कम वैद्यकीय अहवालानंतर आणि अर्धी आरोपपत्र कोर्टात गेल्यावर मिळते. त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नाही. पाठपुरावा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

टक्क्यांचा खेळ समजून घ्या

मोडलेला पाय बोर्डाला दिसतो, गेलेली स्मरणशक्ती दिसत नाही. म्हणून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर अनेकदा कमी टक्के लिहिले जातात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाताना मानसशास्त्रज्ञाकडून स्मरणशक्ती आणि बुद्धीची चाचणी करून मागा, झटक्यांची नोंद दाखवा, ती वही दाखवा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे की डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईचं नुकसान ही एकच गोष्ट नाही. त्या माणसाचं काम कोणतं होतं आणि आता तो काय करू शकतो, हे पाहिलं पाहिजे. एक हिशोब पाहू. २८ वर्षांचा मजूर, कमाई १२ हजार. पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून १६,८०० झाले. या वयाला गुणक १७ आहे. नुकसान ४० टक्के धरलं तर १३ लाख ७० हजार होतात. पण झटक्यांमुळे तो उंचावर चढूच शकत नाही हे सिद्ध झालं आणि नुकसान ७० टक्के धरलं, तर जवळपास २४ लाख. एकाच माणसाच्या दाव्यात १० लाखांचा फरक पडतो, तो नीट केलेल्या चाचणीने आणि साक्षीने.

कमाईशिवाय औषधोपचार, पुढचे उपचार, वेदना आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही मागता येतो. २०२० मध्ये हरयाणातल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एकूण ६२ लाख २७ हजार रुपये दिले. १२ व्या वर्षी अपघातात तिच्या मेंदूला इजा झाली होती आणि ती आयुष्यभरासाठी दुसऱ्यावर अवलंबून झाली होती. त्यातले २१ लाख ६० हजार केवळ दोन सांभाळणाऱ्यांच्या खर्चापोटी होते. आपल्या घरात ही सेवा आई किंवा बायको करते, तिचं काम सुटतं, आणि अर्जात त्याचा उल्लेखही नसतो. तो करा. गृहिणीला इजा झाली असेल तर तिच्या घरकामाचंही उत्पन्न धरलं जातं.

वकील, एजंट आणि पैसा

रुग्णालयाच्या दारात एजंट भेटतात. "मिळेल त्यातले ३० टक्के द्या," म्हणतात आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतात. निकालाच्या रकमेत टक्का ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका, मूळ कागद कुणाला देऊ नका.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना, मुलांना आणि अपंगांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत, म्हणून जातीचं प्रमाणपत्र तयार ठेवा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. जखमी माणूस स्वतः सही करण्याच्या, समजून घेण्याच्या अवस्थेत नसेल तर घरचं माणूस वादमित्र म्हणून अर्ज करू शकतं.

रक्कम मंजूर झाल्यावर तिचा मोठा भाग जखमीच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला न्यायाधिकरण सांगतं. त्यावर चिडू नका. नातेवाइकांच्या उसनवारीपासून ती ठेव वाचते आणि दर महिन्याला औषधाला व्याज येतं.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू एकटाच पडून होता, कारण इतरांना त्याचा उपयोग नव्हता. तथागतांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं आणि मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितलं. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराच्या सुरक्षेचा प्रश्न सरकारी टेबलावर आणला. शुश्रूषा आणि हक्क, दोन्हींचा वारसा आपल्याकडे आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढंच विचारा : गेल्या वर्षभरात आपल्या गल्लीत कुणाच्या डोक्याला मार लागला? त्या घरी दोघांनी जावं, कागदांची पिशवी पाहावी, अपघाताची तारीख लिहून घ्यावी आणि मुदतीला किती दिवस उरलेत ते मोजावं.