सँडविचची पारख : फुटपाथवरची पंचवीस गुणांची परीक्षा

मुंबईत कोणत्याही गर्दीच्या स्टेशनाबाहेर पडा, सँडविचवाला दिसल्याशिवाय राहत नाही. एक उंच स्टँड, त्यावर पाट, एक सुरी, लोण्याचा डबा, हिरवी चटणी आणि उकडलेल्या बटाट्यांची रास. एवढ्या भांडवलावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. उत्तम सँडविच कुठे मिळते, याची चर्चा शहरात नेहमीच चालते. आम्ही मात्र धंद्याच्या नजरेने निराळा प्रश्न घेऊन फिरलो. उत्तम म्हणायचे कशाला, आणि ते रोज उत्तम कसे राहते?

पदरचे पैसे मोजून खाल्ले आणि गुण लिहीत गेलो. पाच कसोट्या ठरवल्या, प्रत्येकीला ५ गुण.

पहिली कसोटी पावाची. पाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. कांदा-काकडीच्या सँडविचला मोठ्या चौकोनी स्लाइसचा ब्रेड लागतो. बोटाने दाबला की तो परत वर आला पाहिजे. मात्र भट्टीतून नुकताच निघालेला गरम पावही चालत नाही, कारण तो सुरीखाली फाटतो. जाणता दुकानदार पाव नीट निवल्यावरच कापतो.

दुसरी कसोटी लोणी-चटणीची. लोणी केवळ चवीसाठी नसते. ते काठापर्यंत लावले तर टोमॅटो-काकडीचे पाणी पावात मुरत नाही. मध्येच एक फटकारा मारून काठ कोरडे ठेवणाऱ्याचे सँडविच पाच मिनिटांत ओले होते. चटणी घट्ट हवी. पाणी घालून वाढवलेली चटणी पावाच्या खालून गळू लागते आणि मालकाची काटकसर गिऱ्हाइकाच्या मनगटावर उतरते.

तिसरी कसोटी भरणाची. बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि कांदा यांचे काप एकसारखे पातळ असावेत आणि कोपऱ्यापर्यंत पोचावेत. मधोमध ढीग आणि कडेला नुसता पाव, ही मापातली खोटच आहे. पहिल्या घासाला ती लपते, शेवटच्या घासाला उघडी पडते.

चौथी कसोटी हाताची. सुरी धारदार, पाट पुसलेला, आणि पैसे घेणारा हात पावाला न लागणारा. सहा तुकडे सारखे पडले आणि एकही सुटला नाही, तर समजावे की कारागीर मुरलेला आहे.

पाचवी कसोटी सातत्याची. तीच गाडी दुपारी आणि तीच संध्याकाळी, असे दोनदा खाऊन पाहिल्याशिवाय आम्ही हे गुण दिले नाहीत. या कसोटीनेच आमचे डोळे उघडले.

फोर्टमधल्या एका गल्लीत दुपारी आम्ही २५ पैकी २२ गुण दिले. संध्याकाळी तिथेच १३ वर यावे लागले. मालक घरी गेला होता आणि गाडीवर नवखा मुलगा उभा होता. चटणी पातळ झालेली, बटाटा जाड कापलेला. मुलाचा दोष नव्हता. माप त्याला कोणी शिकवलेच नव्हते. दुसरीकडे एका साध्या गाडीला दोन्ही वेळा २० गुण मिळाले. तिथे बापलेक आळीपाळीने उभे राहतात, पण चटणी एकाच मापाने वाटतात. आमच्या मते पहिला नंबर या २० गुणांच्या गाडीचा. गिऱ्हाईक रोज तिथेच परतते.

हीच कसोटी खिमापावलाही लागते. भेंडीबाजार-मोहम्मद अली रोडच्या हॉटेलांत आम्ही पाहिले, खिम्यावर तेल तरंगत असेल तर पाव तेच शोषतो आणि मसाला ताटलीत उरतो. खिमा सुका आणि पाव बाहेरून खरपूस, आतून मऊ असेल तरच जोडी जमते. वडापावही याच कुटुंबातला. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असे सांगतात. नावे बदलली तरी सगळ्यांचा पाया पावच आहे.

म्हणून शेवटचा विचार बेकरीवाल्यांचा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात शहरातील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. धुराचा त्रास सर्वात आधी भट्टीपुढच्या कामगारालाच होतो, हे खरे. पण भट्टी बदलायची तर भांडवल लागते, आणि नव्या आचेवर भाजणीचा अंदाज पुन्हा बसवावा लागतो. यात लहान बेकरी बंद पडली तर तिच्या लाद्यांवर चालणाऱ्या गाड्यांनाही झळ बसेल. गाडीवाले आणि बेकरीवाले यांनी एकत्र बसून खर्चाचा आणि दराचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

आमची सूचना छोटीच आहे. गाडी असो वा हॉटेल, आठवड्यातून एकदा आपलाच माल गिऱ्हाईक होऊन खावा, तोही आपण गल्ल्यावर नसतो त्या वेळचा. आणि गुण देताना स्वतःला सूट देऊ नये.