काचतंतूंचा बाण आणि वसई-विरारचे आकाश

दिवाळीच्या बाणाला बांधलेली काडी ही त्या बाणाची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत आवश्यक वस्तू असते, कारण ती काढून टाकली तर तीच दारू आणि तीच नळी असलेला बाण आकाशाऐवजी शेजारच्या गॅलरीत शिरतो. उडत्या वस्तूचे सारे वजन ज्या बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते तो गुरुत्वमध्य आणि हवेचा आडवा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो दाबमध्य, या दोहोंपैकी दाबमध्य मागे असेल तरच वस्तू नाक पुढे ठेवून सरळ जाते; काडी आपल्या लांबीने दाबमध्याला मागे ओढते, एवढेच तिचे काम. मराठी फौजांतल्या लढाऊ बाणांनाही याच कारणासाठी बांबू बांधलेला असे, आणि तरीही त्यांच्या दिशेची खात्री कोणी देत नसे. घोडदळ बिचकवण्यास, गर्दीत गोंधळ माजवण्यास ते उपयोगी पडत; तटबंदीपुढे त्यांचा इलाज चालत नसे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा कोट घेतला तेव्हा निर्णायक ठरले ते बुरुजाखाली उडवलेले सुरुंग.

काडीच्या जागी पर आले आणि कागदाच्या जागी काचतंतू आले, की त्याच बाणाचे आजचे छांदिष्ट रूप तयार होते. त्याला हाय-पॉवर रॉकेट, म्हणजे उच्चशक्तीचे प्रतिरूप रॉकेट, असे म्हणतात. या छंदाची मुळे अमेरिकेत आहेत. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावात चपला-बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये सुरक्षित, बदलता येणाऱ्या मोटरीचे लहान रॉकेट बनवले आणि जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये त्याभोवती संघटना व सुरक्षानियम उभे केले. रॉकेटच्या मोटरीची प्रत इंग्रजी अक्षरांनी सांगतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट होते. ही ताकद न्यूटन-सेकंदांत मोजतात, म्हणजे मोटरीने दिलेला रेटा गुणिले तो जितका वेळ टिकला तो वेळ. 'जी' अक्षराची मोटर १६० न्यूटन-सेकंदांवर संपते. 'एच' ३२० पर्यंत, 'आय' ६४० पर्यंत, 'जे' १२८० पर्यंत आणि 'के' २५६० पर्यंत जाते. अमेरिकी नियमांनुसार १६० न्यूटन-सेकंदांच्या पुढची मोटर, १२५ ग्रॅमपेक्षा अधिक इंधन किंवा दीड किलोपेक्षा अधिक वजन, यांपैकी काहीही असले की रॉकेट उच्चशक्तीचे ठरते, आणि ते उडवणाऱ्याला तीन पायऱ्यांचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिल्या पायरीवर 'एच' व 'आय', लेखी परीक्षेनंतरच्या दुसऱ्या पायरीवर 'जे' ते 'एल', आणि तिसऱ्या पायरीवर 'एम' व त्यापुढच्या मोटरी वापरता येतात.

अशा रॉकेटचा संच पेटीत सुटा येतो. त्यात सुमारे १०० मिलिमीटर व्यासाच्या दोन लांब नळ्या, त्या जोडणारी आखूड जोडनळी, धातूचे टोक बसवलेला निमुळता शंकू, मोटर बसण्यासाठी ५४ किंवा ७५ मिलिमीटरची आतली नळी, ती मध्यभागी धरून ठेवणारी कडी आणि तीन किंवा चार पर असतात. नळ्या तंतुगुंडाळणीच्या पद्धतीने घडवलेल्या असतात, म्हणजे इपॉक्सी या राळेत भिजवलेले काचेचे धागे फिरत्या दांडीवर ठरावीक कोनात गुंडाळून व उष्णता देऊन ते टणक केलेले असतात. पर ज्या सपाट पत्र्यांतून कापतात ते पत्रे म्हणजे रेडिओ-टीव्हीतल्या सर्किट बोर्डांचेच साहित्य. पुठ्ठ्याची नळी स्वस्त व हलकी असते, पण दमट हवेत ती फुगते आणि ध्वनीच्या वेगाजवळ तिचे पर थरथरून तुटू शकतात. कार्बन तंतूंची नळी काचतंतूंच्या नळीपेक्षा ताठ असते खरी, मात्र ती रेडिओ लहरी अडवते, त्यामुळे आत ठेवलेल्या ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राचा संकेत बाहेर पोहोचत नाही. काचतंतू लहरींना वाट देतात, आणि पडलेले रॉकेट गवतात शोधताना या गुणाची किंमत कळते.

जोडकामाचे मर्म परांच्या मुळाशी आहे. बाहेरच्या नळीला उभ्या खाचा असतात. पर त्या खाचांतून आत शिरून मोटरीच्या नळीला टेकतो, म्हणजे त्याला आतल्या नळीशी, बाहेरच्या नळीच्या आतल्या अंगाशी आणि बाहेरच्या अंगाशी असे तीन ठिकाणी धरून ठेवता येते. बाहेरच्या कोपऱ्यात राळेचा गोलसर भराव घालतात. त्यासाठी भरावाच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावायची, राळेत सिलिकाची बारीक भुकटी मिसळून ती वाहणार नाही इतकी घट्ट करायची, ती कोपऱ्यात ओतून पाइपच्या गोल तुकड्याने एकाच ओढीत फिरवायची आणि राळ कडक होण्याआधी चिकटपट्टी सोडवून घ्यायची, असा क्रम आहे. नळी आडवी व समपातळीत ठेवली तरच भराव एका बाजूला सरकत नाही, त्यामुळे एका वेळी दोन परांमधली एकच खोबण भरता येते, ती कडक झाल्यावर नळी फिरवायची आणि पुढची घ्यायची. या कामात घाई करणाऱ्याचे पर पहिल्याच उड्डाणात हिशेब चुकता करतात. त्याहूनही महत्त्वाची आहे ती भरावाआधीची घासणी. कारखान्यातून आलेल्या नळीवर साच्यापासून सुटण्यासाठी लावलेल्या मेणाचा अंश असतो आणि गुळगुळीत काचतंतूला राळ पकड घेत नाही. म्हणून जोडाच्या जागा पाण्याने धुऊन, जाड दाण्याच्या पॉलिशपेपरने चमक जाईपर्यंत खरवडून, अल्कोहोलने पुसाव्या लागतात. काचेची ही भुकटी अंगाला खाजते आणि छातीत गेली तर त्रास देते, त्यामुळे ओली घासणी आणि तोंडावर मास्क यांना पर्याय नाही.

हे काम वसईत परके नाही. नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा या बंदरांत लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्या दिसतात. काचेची मॅट, राळ, हार्डनर आणि रोलर ही सामग्री तिथल्या कारागिरांच्या हाताखालची आहे आणि पूर्वेकडे वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत कापणी, कातकाम आणि साचेकाम करून मिळते. एक फरक मात्र डोळ्यांआड करून चालत नाही. होडीच्या कामात बहुधा पॉलिएस्टर राळ वापरतात. ती स्वस्त असते, झपाट्याने कडक होते आणि स्टायरिनच्या उग्र वासावरून दुरूनच ओळखू येते. रॉकेटच्या संचातील नळ्या इपॉक्सीच्या असतात आणि आधीच कडक झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टरची पकड भरवशाची नसते, तेव्हा होडीच्या डब्यातली राळ परांच्या मुळाशी घालणे म्हणजे दिसायला पक्का आणि रेट्याखाली निसटणारा जोड तयार करणे होय.

हवामानाचाही आपला वाटा आहे. राळ व हार्डनर मिसळल्यापासून मिश्रण वापरण्याजोगे राहते तो काळ तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मा होतो, त्यामुळे थंड देशात अर्धा तास हाताळता येणारे मिश्रण वसईच्या मे महिन्यात पाव तासात आवळते. त्यात ते खोल पेल्यात ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरावतेही. उथळ ताटलीत पसरले म्हणजे उष्णता निघून जाते. पावसाळ्यात वेगळे संकट येते. हार्डनरमधील अमाइन हे द्रव्य हवेतील बाष्प व कर्बवायू यांच्याशी संयोग पावून कडक झालेल्या पृष्ठभागावर मेणचट साय धरते, तिच्यावर दुसरा थर बसत नाही, आणि ती घासून काढू पाहिले तर उलट सगळीकडे पसरते. ती साध्या कोमट पाण्याने धुतली जाते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि कारागिराला सवड असते, पण राळकामाला नेमके तेच दिवस सर्वांत प्रतिकूल असतात. कार्तिकानंतरची कोरडी हवा या कामाला मानवते.

तंतुप्रबलित प्लास्टिक, म्हणजे धाग्यांनी बळकट केलेली राळ, आणि रॉकेट यांचा भारतातला संबंध थुंब्यापर्यंत मागे जातो, आणि त्या इतिहासात मराठी नावे ठळक आहेत. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंबरोबर प्रक्षेपणस्थळाच्या शोधात होते. चुंबकीय विषुववृत्ताजवळचे केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून अमेरिकी बनावटीचे नायकी-अपाची रॉकेट उडाले. त्या पहिल्या तुकडीतल्या अभियंत्यांत पुण्याचे प्रमोद काळे होते. पुण्यातच १९३३ मध्ये जन्मलेले वसंत गोवारीकर १९६० च्या दशकात थुंब्यात रुजू झाले, घन इंधनाच्या कामाची उभारणी त्यांनी केली आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद सांभाळले. १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झालेल्या एसएलव्ही-३ या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि वरच्या टप्प्यांची आवरणे तंतुप्रबलित प्लास्टिकची होती, कारण वरच्या टप्प्यात वाचलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या पारड्यात पडतो. छंदाच्या रॉकेटात हाच न्याय उलटा लागू पडतो: तेथे वजन थोडे वाढले तरी चालते, पण मार सोसण्याची ताकद हवी, कारण ते रॉकेट परत येऊन पुन्हा उडायचे असते.

परत येणे हा या छंदातला खरा अभ्यासाचा विषय आहे. जोडनळीत बसवलेल्या विद्युत-कक्षात हवेच्या दाबावरून उंची ओळखणारे उंचीमापक असतात. विश्वासार्हतेसाठी ते दोन ठेवतात आणि बाहेरचा दाब आत पोहोचावा म्हणून कक्षाला बारीक छिद्रे पाडतात. रॉकेट सर्वोच्च बिंदूला पोहोचले की पहिला उंचीमापक बंदुकीच्या दारूची लहानशी पुडी पेटवतो, वायूच्या दाबाने नळीचे दोन भाग सुटतात आणि एक लहान छत्री बाहेर पडते. मोठी छत्री मात्र जमिनीपासून दोनशे मीटर उंचीपर्यंत आतच राहते. तोवर शंकू निसटू नये म्हणून त्याला नायलॉनचे काडीएवढे स्क्रू मारलेले असतात, जे दुसऱ्या पुडीच्या दाबाने तुटण्यासाठीच असतात. या खटाटोपाचे कारण गणितात आहे. दीड किलोमीटर उंचीवरच मोठी छत्री उघडली आणि रॉकेट सेकंदाला सहा मीटर वेगाने उतरू लागले, तर ते अडीचशे सेकंद हवेत राहील आणि सेकंदाला पाच मीटरच्या साध्या वाऱ्यातही सव्वा किलोमीटर वाहत जाईल. लहान छत्रीवर सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने दोनशे मीटरपर्यंत खाली येऊन मग मोठी छत्री उघडली, तर हाच प्रवास सुमारे ८५ सेकंदांचा आणि वाहणे सव्वाचारशे मीटरचे होते.

हे आकडे वसई-विरारच्या नकाशावर ठेवले की अडचण उघडी पडते. समुद्र आणि पश्चिम रेल्वेचा मार्ग यांच्यात जेमतेम पाच ते सात किलोमीटरची पट्टी आहे. तीत केळीच्या वाड्या, मिठागरे, गावठाणे आणि आता बहुमजली वसाहती दाटल्या आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्य, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा. सकाळी मतलई वारा रॉकेटला समुद्राकडे नेतो आणि दुपारनंतर खारा वारा त्याला रेल्वेच्या विजेच्या तारांकडे ढकलतो. अमेरिकी सुरक्षानियम उड्डाणाचे मैदान अपेक्षित उंचीच्या निम्मे, आणि किमान सुमारे ४५० मीटर, रुंद असावे असे सांगतात, आणि वस्ती असलेल्या इमारतींपासूनही किमान सुमारे ४५० मीटर अंतर मागतात. दीड किलोमीटरच्या उड्डाणाला पाऊण किलोमीटरची मोकळी जागा हवी. मिठागरांत अशी जागा एखादे वेळी मापून निघेलही, पण वरचे आकाश मोकळे नाही. मुंबईचा विमानतळ वसईपासून हवाई मार्गाने सुमारे तीस किलोमीटरवर आहे, आणि विमानांच्या वाटेत काहीही सोडायचे तर नागरी विमान वाहतूक यंत्रणेची परवानगी हवी. उत्तरेला वसईच्याच जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, त्याचे वेगळे निर्बंध.

मोटरीचा प्रश्न याहून कठीण आहे. उच्चशक्तीच्या मोटरीत अमोनियम पर्क्लोरेट हे प्राणवायू पुरवणारे द्रव्य रबरासारख्या बंधकात कालवलेले असते, उंचीमापकाच्या पुड्यांत बंदुकीची दारू असते, आणि भारतात स्फोटक पदार्थांचे उत्पादन, साठवण, आयात व वाहतूक १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम यांखाली येते, ज्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली केंद्रीय संघटना करते. परवान्याशिवाय यांतले काही घरी ठेवणे गुन्हा ठरू शकतो, आणि घरच्या घरी मोटर बनवण्याचे साहस तर बोटे व डोळे गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. अमेरिकेतही हा वाद वर्षानुवर्षे चालला. छांदिष्टांच्या संघटनांनी सरकारी खात्याविरुद्ध लढलेल्या खटल्यात २००९ मध्ये निकाल लागल्यावरच पर्क्लोरेटचे इंधन तेथील स्फोटकांच्या यादीतून बाहेर पडले. भारतात तशी वैयक्तिक छंदाची वाट अद्याप नाही. संस्थात्मक वाट मात्र उघडू लागली आहे: २०२० मध्ये स्थापन झालेल्या इन-स्पेस या केंद्रीय संस्थेच्या विद्यार्थी स्पर्धेत २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात महाविद्यालयीन तुकड्यांनी बनवलेली रॉकेटे उडवण्यात आली.

अशा तुकडीसाठी वसई-विरारमधील गाळ्यात करता येण्याजोगे काम मोठे आहे. जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडलेली दाबमध्याची समीकरणे आणि सॅम्पो निस्कानेन यांनी हेलसिंकीतील प्रबंधासाठी २००९ मध्ये लिहिलेली, विनामूल्य मिळणारी ओपनरॉकेट प्रणाली वापरून दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे किमान एक व्यास आहे की नाही हे घरी बसून तपासता येते. शंकूत किती वजन घालायचे, पर किती मोठे करायचे, मोटरीचा रेटा रॉकेटच्या वजनाच्या पाचपटींहून कमी तर पडत नाही ना, हे त्याच पडद्यावर ठरते. नळी, पर, कक्ष आणि छत्र्या बांधून, विजेची जोडणी दिव्याने तपासून आणि नायलॉनचे स्क्रू किती ओढीला तुटतात ते तराजूच्या आकड्याला वजन लटकवून पाहून, ते रॉकेट सुटे करून उड्डाणस्थळी नेता येते. मोटर आणि पुड्या त्या प्रवासात नसतात, कारण रेल्वेच्या डब्यातून स्फोटके नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि त्या परवानाधारकाकडून उड्डाणाच्या जागीच ताब्यात घ्याव्या लागतात.