गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे?



बसच्या गर्दीत मोबाईल मारला जातो. पोलीस ठाण्यात गेलं की बऱ्याचदा 'चोरी'ऐवजी 'गहाळ' अशी नोंद होते. मोबाईल चोराने नेला, पण सरकारी आकड्यांत चोरी झालीच नाही!

आपल्या देशात गुन्ह्यांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) प्रसिद्ध करतो. हे आकडे पोलिसांकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या सर्व गुन्ह्यांचे नव्हे. भीती, लाज, कोर्टकचेरीचा कंटाळा यामुळे कितीतरी लोक ठाण्याची पायरीच चढत नाहीत. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तरी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो.

उलटही घडतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर देशभर संताप उसळला. बलात्काराच्या नोंदी २०१२ मध्ये २४,९२३ होत्या, त्या २०१३ मध्ये ३३,७०७ झाल्या. एका वर्षात गुन्हे एवढे वाढले, की बायका बोलू लागल्या आणि पोलीस लिहून घेऊ लागले? नुसत्या आकड्यावरून हे ठरवता येत नाही. २०२० मध्ये लॉकडाऊनचे नियम मोडल्याच्या लाखो नोंदींमुळे एकूण गुन्हे वाढलेले दिसले. चोऱ्या मात्र कमी झाल्या होत्या.

म्हणूनच घरोघरी जाऊन 'तुमच्या बाबतीत काही घडलं का?' असं विचारणारी सर्वेक्षणं लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती १९८० च्या दशकापासून होतात. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी साधारण दर तिघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. पोलिसांच्या वहीत यातलं फारच थोडं उतरतं.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. नाव न लिहिता चिठ्ठीवर दोनच उत्तरं मागा : घरातली एखादी वस्तू कधी चोरीला गेली का? गेली असेल, तर पोलिसांत तक्रार केली का? दोन्ही 'हो' फळ्यावर मोजा. जो फरक दिसेल, तोच आजचा धडा.

मुलांना एवढं मात्र नक्की सांगा : दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी 'झिरो एफआयआर' करता येते. ज्या गावात एकही गुन्हा नोंद नाही, ते गाव सुरक्षित असेलच असं नाही. कदाचित तिथे तक्रार करायची हिंमतच कुणाला होत नसेल.