ही ‘नजर’ नव्हे, जनुकातील बिघाड!

गेल्या वर्षी पालकसभेला माझ्या वर्गातील एका मुलीची अम्मी कडेवर आठ महिन्यांचे बाळ घेऊन आली होती. बाळ कोणाकडेच पाहत नव्हते. बुबुळे सारखी हलत होती आणि मधूनच ते दोन्ही मुठींनी डोळे जोरात दाबत होते. सोबतच्या दादी म्हणाल्या, “नजर लागलीय, मॅडम. रोज उतरवतोय.” मी म्हटले, “दुआ जरूर करा, पण याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा.”

तपासणीत निदान झाले, ‘लेबर कंजेनायटल अमॉरोसिस’. नाव ऐकून घरचे घाबरले. खरे सांगायचे तर मीही हे नाव प्रथमच ऐकत होते. त्या बाळामुळे जे वाचले आणि समजून घेतले, ते आपल्या घराघरांत पोहोचावे म्हणून हा लेख.

आजार काय आहे?

डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा पातळ पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. या आजारात पडद्याच्या पेशी जन्मापासूनच नीट काम करत नाहीत आणि हळूहळू मरत जातात. जर्मन डॉक्टर थिओडोर लेबर यांनी १८६९ मध्ये याचे वर्णन केले. लाखात दोन-तीन बालकांना तो होतो. डोळा वरून अगदी निरोगी दिसतो, म्हणून घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. डोळे दाबत राहणे ही त्याची ओळखीची खूण आहे.

शंभर वर्षांहून अधिक काळ डॉक्टर फक्त नाव सांगू शकत होते, इलाज नव्हता. जनुकांचा शोध लागू लागला तेव्हा चित्र बदलले. आज वीसहून अधिक जनुके माहीत आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकात बिघाड झाला, तरी हा आजार होऊ शकतो.

संशोधन कुठवर आले?

पहिले मोठे यश ‘आरपीई६५’ या जनुकाबाबत मिळाले. जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला एक पदार्थ पडद्याला प्रकाश टिपायला मदत करतो. प्रकाश पडला की तो वापरला जातो आणि या जनुकाच्या मदतीने पुन्हा तयार होतो. जनुक बिघडले की पेशी जिवंत असतात, पण त्यांना हा पदार्थच मिळत नाही.

संशोधकांनी निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत चांगले जनुक पडद्याखाली पोहोचवले. २००१ मध्ये हाच आजार असलेल्या कुत्र्यांना यामुळे दिसू लागल्याचे जाहीर झाले. २००८ मध्ये लंडन आणि अमेरिकेतील रुग्णांवरील पहिले निष्कर्ष आले. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत ‘लक्सटर्ना’ या उपचाराला मंजुरी मिळाली. उपचार घेतलेले अनेक रुग्ण मंद उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालू शकले. मात्र दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. शिवाय लंडनच्या चाचणीतील काही रुग्णांची सुधारणा पुढे ओसरत गेल्याचेही २०१५ मध्ये नोंदले गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली बातमी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘एआयपीएल१’ जनुकाच्या बिघाडामुळे ज्यांना फक्त उजेड-अंधार कळत होता, अशा चार लहान बालकांच्या एकेका डोळ्यावर लंडनमध्ये उपचार झाले. उपचार केलेल्या डोळ्याने त्यांना पुष्कळ दिसू लागले, तर दुसऱ्या डोळ्याची उरलीसुरली दृष्टीही गेली. पेशी जिवंत असतानाच पोहोचणे का गरजेचे आहे, हे यावरून कळते. मेलेल्या पेशीला चांगले जनुक देऊन उपयोग नाही.

दोष कोणाचा?

निदानानंतर त्या घरात कुजबूज सुरू झाली, “आईकडूनच आले असणार.” हे चूक आहे. या आजाराच्या बहुतेक प्रकारांत बाळाला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक मिळते. दोघांकडे एक चांगले जनुक असल्याने त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक असते.

हे आई-वडील एकमेकांचे मामे-आते भावंडे आहेत. सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, म्हणून एकच बिघाड दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. अशा निकाहातून झालेली बहुतेक मुले निरोगी असतात, हेही खरे. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत महाराष्ट्रात इतर समाजांतही आहे. शरीअतने या निकाहाला मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. घराण्यात असा आजार असेल तर रिश्ता ठरवण्यापूर्वी जनुकीय तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात लाज कसली?

आपण काय करावे?

बाळ तीन महिन्यांचे झाले तरी नजरेला नजर देत नसेल, तर थांबू नका. मोठ्या नेत्र रुग्णालयात ‘ईआरजी’ तपासणी होते. जनुकीय तपासणीसाठी सहसा थोडेसे रक्त पुरते. हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय आनुवंशिक नेत्रविकारांवर काम करतात. बिघाड कोणत्या जनुकात आहे हे कळल्याशिवाय कोणता उपचार लागू पडेल, हे सांगता येत नाही.

त्या बाळाचा रिपोर्ट आला. त्याच्या जनुकावर आज तरी मंजूर उपचार नाही. त्याच्या अब्बांनी तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला आहे, न जाणो उद्या लागेल. दादींनी नजर उतरवणे थांबवले आहे. आता त्या नातवाच्या हातात वाटी, चमचा, चेंडू देऊन एकेक नाव सांगतात. ब्रेल कुठे शिकवतात, याची चौकशी मी करते आहे. बाळाची बहीण मला म्हणाली, “टीचर, आधी मी शिकते, मग भाईला शिकवीन.”